पाहुण्यांची खोली: आधी चित्र, मग बाकी सगळं

पाहुण्यांची खोली लावायची म्हटलं की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी पलंग, मग गादी, मग पडदे आणि चादरी. सगळं जागेवर आलं की भिंत ओकीबोकी वाटायला लागते आणि पडद्याला जुळेल असं कुठलं तरी चित्र आणून टांगलं जातं. इथे क्रम उलटा आहे. चित्र आधी ठरवायचं आणि खोली त्याच्याभोवती लावायची. स्वतःच्या घरात आणि नातेवाइकांकडे मिळून अशा पाच-सहा खोल्या लावल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे: पाहुण्यांच्या खोलीतलं चित्र दारात उभं राहून पाहायचं नसतं, ते पलंगावर पडून पाहायचं असतं. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

पाहुण्यासाठी चित्र आधी, हे फार पूर्वी एकाने केलेलं आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल या गावी एक पिवळं घर भाड्याने घेतलं. चित्रकार पॉल गोगाँ तिथे राहायला यावा म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. ऑगस्टमध्ये त्याने सूर्यफुलांची चित्रं रंगवली आणि सप्टेंबरमध्ये पत्रात लिहून टाकलं, की पाहुण्याच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतींवर मोठाली पिवळी सूर्यफुलं असतील. २३ ऑक्टोबरला गोगाँ आला तेव्हा त्यातली दोन चित्रं त्याच्या झोपायच्या खोलीत लागलेली होती. जगातली ही इतकी गाजलेली चित्रं एका पाहुण्याची खोली सजावी म्हणून तिथे लागली, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पहिली पायरी: त्या खोलीत एक रात्र झोपा

खरेदीला निघण्याआधी हे करा. तुमच्याच घरात असूनही ती खोली तुम्हाला नीट माहीत नसते, कारण तुम्ही तिथे फक्त केर काढायला किंवा कपाटातलं काही घ्यायला जाता. रात्री पाहुण्यासारखे आडवे व्हा. दिवा कुठून मालवावा लागतो ते बघा. उशीवर डोकं टेकलं की नजर कुठे जाते ते बघा. बहुतेक खोल्यांत ती पायाकडच्या भिंतीवर जाते, कुशीवर वळलं की बाजूच्या भिंतीवर. उशाकडची भिंत झोपलेल्या माणसाला दिसतच नाही. तरी आपण मोठं चित्र हटकून तिथेच लावतो, कारण खोलीत शिरताना ते छान दिसतं.

नजर जिथे सहज थांबते तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. सकाळी उठल्यावर पुन्हा बघा, आणि ऊन कुठल्या भिंतीवर किती वेळ पडतं तेही टिपून ठेवा. ऊन पडणारी भिंत चित्रासाठी बाद. भिंतीला हातही लावून पाहा. पलीकडे न्हाणीघर असेल किंवा पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत असेल, तर ती ओलसर लागते. तिथे कागदावरचं चित्र लावलं तर त्याच्यावर बुरशीचे ठिपके येतात.

दुसरी पायरी: चित्र निवडा

तुम्हाला मनापासून आवडणारंच चित्र निवडा. पण ते दमून आलेल्या, अनोळखी पलंगावर झोपलेल्या माणसाला सोबत करेल का, हेही स्वतःला विचारा. मी तरी थेट समोर रोखून बघणारे चेहरे पलंगासमोर लावत नाही. दिवसा ते कितीही सुंदर वाटले तरी रात्री अर्धवट जाग आलेल्या माणसाला खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटतं. तुमच्या लग्नाचे, मुलांचे, कुटुंबाचे फोटोही या खोलीतून बाहेर न्या. ते दिवाणखान्यात शोभतात. इथे असले की पाहुण्याला आपण दुसऱ्याच्या खासगी जागेत शिरलोय असं वाटत राहतं.

याचा अर्थ मिळमिळीत चित्र लावायचं असा नाही. तीन रेघा आणि एक गोळा असलेली, कुठल्याही सोफ्यावर खपणारी चित्रं पहिल्या मिनिटाला संपतात. पाहुणा त्या खोलीत तीन-चार रात्री राहणार असतो. त्याला दुसऱ्या दिवशी काहीतरी नवं दिसलं पाहिजे. म्हणून नजर आत आत खेचून नेणारं चित्र बघा: दूर जाणारी वाट, पाणी, झाडीतून दिसणारं घर, अर्धी उघडी खिडकी. माझ्या खोलीत संध्याकाळच्या किनाऱ्याचं एक जलरंगचित्र आहे. राखाडी-निळं पाणी, वाळूचा पट्टा, वर फिकट आभाळ, आणि डाव्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढी विटकरी रंगाची होडी. मावशी राहायला आली तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने विचारलं, "अगं, त्या होडीत कुणी बसलंय का?" मी इतकी वर्षं ते चित्र बघत होते, मला कधी दिसलं नव्हतं. खरंच बसलेलं आहे.

मूळ चित्र घेणं जमत नसेल तर चांगली छापील प्रतही चालते. ॲमस्टरडॅमचं राइक्स म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांनी आपल्या संग्रहातल्या असंख्य जुन्या कलाकृतींच्या मोठ्या प्रतिमा मोफत उतरवून घ्यायला खुल्या ठेवल्या आहेत. मेट्रोपॉलिटनने हे २०१७ साली केलं. तिथून प्रतिमा घेऊन छापून घेता येते. छापण्याआधी तिचे पिक्सेल मोजा. ६० बाय ४० सेंटिमीटरची प्रत इंचाला ३०० पिक्सेलने छापायची तर प्रतिमा साधारण ७,१०० बाय ४,७०० पिक्सेलची हवी. भिंतीवर लांबून बघायची प्रत इंचाला १५०नेही नीट दिसते, म्हणजे दोन्ही बाजूंना याच्या निम्मे पिक्सेल पुरतात. त्याहून लहान फाइल ताणून छापली की कडा भुरकट होतात. छापणाऱ्याला पिगमेंट शाई आणि सुती कागद आहे का विचारा. साध्या डाय शाईपेक्षा ते रंग खूप जास्त टिकतात.

तिसरी पायरी: जागा आणि आकार

पायाकडच्या भिंतीवर जागा असेल तर माझं मत स्वच्छ आहे, मुख्य चित्र तिथेच. तिथे कपाट किंवा दार असेल तर पलंगावरून दिसणारी बाजूची भिंत. उशाकडची भिंत शेवटी.

पण कित्येक खोल्यांत तीच एक मोकळी भिंत उरते. तिथे चित्राची रुंदी हेडबोर्डच्या साधारण दोन तृतीयांश ते पाऊण धरा. पलंग १५० सेंटिमीटर रुंद असेल तर चित्र फ्रेमसकट १०० ते ११२. याहून लहान चित्र पलंगावर टिकली लावल्यासारखं हरवतं. फ्रेमची खालची कड हेडबोर्डच्या १५ ते २० सेंटिमीटर वर ठेवा. फार वर गेलं की चित्र आणि पलंग यांचा एकमेकांशी संबंधच राहत नाही. आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर काच नको. तिथे ॲक्रिलिकचा पत्रा बसवून घ्या किंवा काच न लागणारं कॅनव्हासवरचं चित्र लावा. फ्रेम हलकी ठेवा आणि एकाऐवजी दोन स्क्रूंवर टांगा.

भिंतीवर नेमकं कुठे ते ठरवायला जुनं वर्तमानपत्र घ्या. फ्रेमच्या मापाचा कागद कापा, मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता दिसू दे, पलंगावर पडूनही बघा. माझा कागद जवळजवळ प्रत्येक वेळी पहिल्या जागेवरून खाली सरकलेला आहे, कारण उभ्या माणसाला बरोबर वाटणारी उंची पडलेल्या माणसाला जास्त होते.

चौथी पायरी: फ्रेम

इथे फार वेळ घालवू नका. कागदावरच्या चित्राला माउंट हवंच, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट. तिच्यामुळे चित्र काचेला चिकटत नाही आणि त्याच्याभोवती मोकळी जागा राहते. माउंट ॲसिड-फ्री मागा. साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लामुळे काही वर्षांत चित्राच्या कडेने तपकिरी पट्टा उमटतो. पलंगावरून पाहताना खिडकीचं प्रतिबिंब काचेत पडत असेल तर चकाकी कमी करणारी काच घ्या. फ्रेमचा रंग खोलीतल्या लाकडाशी अगदी तंतोतंत जुळायलाच हवा असं नाही. चित्रातल्या सर्वांत गडद छटेच्या जवळचा असला की पुरे.

पाचवी पायरी: टांगणं

संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं टांगतात, कारण उभ्या माणसाची नजर तिथे येते. पाहुण्यांच्या खोलीत पायाकडच्या भिंतीवर मी मध्य १३०च्या आसपास ठेवते. चित्राखाली टेबल किंवा बाक असेल तर अर्थातच त्याच्या वर.

खिळ्याची उंची काढताना बहुतेकांचं गणित चुकतं. फ्रेमच्या मागची तार बोटाने मधोमध वर ओढा, टांगल्यावर ती जशी ताणली जाईल तशी, आणि तारेच्या सर्वांत वर आलेल्या बिंदूपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग चित्राच्या मध्याची ठरवलेली उंची घ्या, तिच्यात फ्रेमची निम्मी उंची मिळवा आणि हे तारेचं अंतर वजा करा. उदाहरणार्थ मध्य १३०, फ्रेम ६० उंच, तारेचं अंतर ७. म्हणजे १३० अधिक ३० वजा ७, खिळा १५३ सेंटिमीटरवर. दोन स्क्रूंवर टांगताना तार दोन ठिकाणी बोटांनी उचलून मोजा, कारण मग ती कमी ताणली जाते आणि अंतर बदलतं.

गिलाव्यात नुसता खिळा ठोकून जड फ्रेम टांगू नका. ड्रिलने भोक पाडा, प्लग बसवा, त्यात स्क्रू घ्या. भोक पाडायच्या जागी मास्किंग टेप लावली तर गिलाव्याचे टवके उडत नाहीत. त्या भिंतीतून विजेची वायर जात नाही ना, याची आधी खात्री करा. बटणांच्या सरळ वर आणि खाली तर ड्रिल लावूच नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या किंवा बुचाच्या छोट्या टिकल्या चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळते आणि फ्रेम तिरकी होत नाही. शेवटी पाणसळ ठेवून बघा, आणि तिच्यापेक्षा जास्त विश्वास पलंगावरून दिसणाऱ्या रेषेवर ठेवा. छत किंवा कपाट किंचित कललेलं असेल तर तंतोतंत समतल चित्रही वाकडं भासतं.

सहावी पायरी: चित्रातून रंग घ्या

खोली खरी लागते ती इथे. घाई केली तर बिघडतेही इथेच.

चित्रातला सर्वांत ठळक रंग उचलून भिंतीला द्यायचा मोह होतो. तो टाळा. भिंतीने तोच रंग घेतला की चित्रातला तो रंग मरतो. मी चित्रात सर्वांत जास्त जागा व्यापणारा शांत रंग शोधते आणि त्याची अगदी फिकट छटा भिंतीला देते. किनाऱ्याच्या चित्रात ते आभाळ होतं, दुधात थेंबभर केशर पडावं तसं. भिंत तशी झाली. चादर आणि अभ्रे साधे, वाळूच्या रंगाचे, नक्षीशिवाय. नक्षीदार चादर चित्राशी भांडते आणि पलंग मोठा असल्यामुळे तीच जिंकते. पायाशी घडी करून ठेवलेली दुलई पाण्याच्या राखाडी-निळ्या रंगाची. आणि होडीचा विटकरी रंग? तो खोलीत एकदाच, एका उशीवर. आधी मी पडद्याची किनार, दिव्याची टोपी आणि पायपुसणंही विटकरी घेतलं होतं. सगळं मांडून झालं आणि चित्रातली होडी दिसेनाशी झाली. तीन वस्तू काढल्या तशी ती परत आली.

असं का होतं, याचं उत्तर पॅरिसमध्ये मिळतं. मिशेल ऊजेन शेवरल हे रसायनतज्ज्ञ १८२४ पासून तिथल्या गोबलँ विणमाग कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तेव्हा रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. शेजारी-शेजारी असलेले रंग एकमेकांचं रूप बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. भिंत, चादर आणि चित्र यांचंही तेच आहे. दुकानात एकटं छान दिसलेलं कापड चित्राशेजारी वेगळंच दिसतं.

म्हणून रंग मोबाइलच्या फोटोवरून निवडू नका. पडदा असो, चादर असो, हातभर तुकडा घरी आणून चित्राच्या शेजारी धरा. भिंतीच्या रंगाची छोटी डबी आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो पुठ्ठा फ्रेमला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहा. दिवसा अगदी एकसारखी दिसणारी दोन कापडं दिव्याखाली चक्क दोन रंगांची निघतात. पाहुणा खोलीत जास्त करून संध्याकाळनंतर असतो, तेव्हा दोघांत निवडायची वेळ आली तर रात्रीचा रंग धरा.

सातवी पायरी: उजेड

खोलीत तीन वेगळे दिवे हवेत: एक वरचा, एक उशाशी वाचायला आणि एक चित्रासाठी. बल्ब २७०० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे घ्या. खोक्यावर सीआरआय हा आकडा शोधा. रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो आणि ९० किंवा त्याहून जास्त असलेला बरा. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल आणि विटकरी रंग मेल्यासारखे दिसतात. चित्रावरचा झोत छतातून उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करून पडेल असा ठेवा. मग काचेत दिव्याचा डोळा चमकत नाही आणि फ्रेमची सावलीही चित्रावर लांब पडत नाही. पलंगावर पडून तपासल्याशिवाय दिवा पक्का बसवू नका. या दिव्याचं बटण हाताशी हवं. चित्राचा दिवा मालवायला पांघरुणातून उठावं लागलं तर तो कुणी लावणारच नाही.

आणि उन्हाबद्दल पुन्हा एकदा, कारण हे नुकसान भरून येत नाही. माझ्याकडे निळीच्या गडद छटांचं एक छापचित्र खिडकीसमोर सहा वर्षं होतं. रोज बघत असल्यामुळे बदल जाणवला नाही. फ्रेम बदलायला ते बाहेर काढलं तेव्हा माउंटखाली झाकलेली बोटभर पट्टी गर्द निळी होती आणि तिच्या आत सगळं धुतलेल्या कापडासारखं राखाडी. व्हॅन गॉगच्या त्या पिवळ्या घरातल्या स्वतःच्या झोपायच्या खोलीच्या चित्राचंही असंच झालं. पत्रात त्याने भिंती फिक्या जांभळ्या आहेत असं लिहिलंय. आज त्या निळ्या दिसतात, कारण मिश्रणातला तांबडा रंग उजेडाने उडून गेला. एडिंबरामधल्या नॅशनल गॅलरीला हेन्री व्हॉन या संग्राहकाने १९०० साली मृत्युपत्राने इंग्रज चित्रकार टर्नरची ३८ जलरंगचित्रं दिली ती याच काळजीने, फक्त जानेवारीत दाखवायच्या अटीवर, कारण तेव्हा उजेड सर्वांत मंद असतो.

संग्रहालयं कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि तैलरंगांना २०० लक्सच्या आसपास उजेड देतात. ५० लक्स म्हणजे जेमतेम मंद दिवा, त्यात आरामात पुस्तक वाचता येत नाही. म्हणून वाचायच्या दिव्याचं तोंड पुस्तकाकडे ठेवा, चित्राकडे नको. अतिनील किरण अडवणारी काच मदत करते, पण साध्या दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतात. पाहुणे नसताना पडदे ओढून ठेवणं हा सर्वांत चांगला उपाय.

बाकीच्या वस्तू

चित्र ज्या भिंतीवर आहे तिथे दुसरं काही लावू नका. घड्याळ नको, दिनदर्शिका नको. आरसा कपाटाशी लावा, पण त्यात झोपलेल्या माणसाला स्वतःचं प्रतिबिंब दिसणार नाही असा. उशाशी पाणी, फोन ठेवायला आणि चार्जरला जागा, चष्मा ठेवायला कोपरा. बॅग उघडून ठेवता येईल असा बाक किंवा स्टूल, आणि कपाटात खरोखर रिकामा एक कप्पा. पाहुण्याला कपडे खुर्चीवर टांगावे लागले तर ती खुर्ची नेमकी चित्रासमोर येते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. छोट्या कार्डावर चित्राचं नाव, चित्रकार आणि ते घरात कसं आलं ते दोन ओळींत लिहून उशाशी ठेवा. हाताने लिहा.

पाहुणे यायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा त्या पलंगावर पडा. वरचा दिवा बंद करून चित्राचा लावा. काचेत खिडकी किंवा बल्ब दिसतोय का, पायाशी ठेवलेल्या दुलईने चित्राची खालची कड झाकली जातेय का, चार्जरचा हिरवा ठिपका डोळ्यांत येतोय का ते बघा. मग हात लांब करून, न उठता दिवा मालवता येतो का ते करून पाहा. येत नसेल तर स्टूल तिथेच, आत्ताच पलंगाजवळ सरकवा.